जांभळ्या रंगाचे ‘नंतर’

खातेगावचा पत्ता कुणी मागितला की आधी विचारून घ्यावे लागते, कशासाठी हवा आहे? सरकारी कागदावर लिहायचा असेल तर जिल्हा देवास, संभाग उज्जैन. खासदार निवडायचा असेल तर आम्ही विदिशेचे; आणि विदिशा म्हणजे पार भोपाळ ओलांडून पलीकडे, जिथे आमच्यातल्या पुष्कळांनी सांचीचा स्तूप पाहताना वाट वाकडी केली तरच पाऊल ठेवले असेल. आगगाडी धरायची तर नेमावरच्या पुलावरून नर्मदा ओलांडून हरद्याला जायचे. चष्मा, शालू आणि जावई इंदूरहून आणायचे. मोटारीच्या पाटीवर एमपी ४१. जुन्या माणसांना विचाराल तर आपण होळकरांच्या निमावर जिल्ह्यातले. १९४८ साली आपण मध्य भारतात गेलो आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशात, दोन्ही वेळा घराचा उंबरा न ओलांडता. आमचा इंदूर–बैतूल रस्ता पूर्वी ५९-ए होता, हल्ली ४७ म्हणवतो; रस्त्याला हे कुणी कळवले असेल असे वाटत नाही.

यातली एकही चिठ्ठी खोटी नाही, आणि एकीने दुसरीला उठवलेले नाही. गाव आपले जागच्या जागी बसून गहू-हरभरा पेरते, पावसाळ्यात सोयाबीन घेते आणि अमावास्येला नेमावरला, जिथे नर्मदेची नाभी आहे म्हणतात तिथे, बुडी मारून येते. एका वस्तूला अनेक नावांनी हाक मारता येते आणि त्यासाठी तिला जागेवरून हलवावे लागत नाही, एवढे तत्त्वज्ञान आम्हा खातेगावकरांना जन्मतःच मिळालेले असते. ते पत्रांना लावून पाहायला मला मात्र उतारवय उजाडले.

आमच्या घरात पत्रांची तार होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: जाड लोखंडी तार, खाली अडसर म्हणून लाकडाची चकती, वरचे टोक आकड्यासारखे वळवून तुळईच्या खिळ्याला अडकवलेले. पत्र आले की आजोबा ते आधी मनात वाचत, मग घराला ऐकवण्याजोगा भाग मोठ्याने वाचत आणि शेवटी त्याच्या पोटात भोक पाडून ते तारेत ओवत. सर्वांत जुने पत्र तळाशी, सर्वांत नवे वर. खालचे काही हवे असले तर वरची सगळी उतरवावी लागत. त्यामुळे शेतसाऱ्याची पावती शोधायला बसलेले आजोबा दुपार कलताना ग्वाल्हेरच्या कुणा मावशीच्या बाळंतपणात सापडत. वाटेत एखादे मोडलेले लग्न भेटे, एखादे परत न आलेले कर्ज, एखाद्या मुलाचा मॅट्रिकचा निकाल. आणि तो मुलगा एव्हाना बाजूलाच बसून सुपारी कातरत असे. पावती बहुधा मिळत नसे. पण दुपार फुकट गेली असे घरात कुणाला कधी वाटले नाही.

त्या तारेवरची पत्रे दुरूनही ओळखता येत, ही गोष्ट मात्र आता जास्त जाणवते. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटे असत. कुणी गेल्याचे पोस्टकार्ड एका कोपऱ्याला फाडलेले असे. ते दारातच वाचायचे, तिथेच फाडायचे आणि मग आंघोळ. तारेवर त्याला जागा नव्हती. इतर पत्रांचा रंग मायन्यात. ‘चि.’ असले की पुढे उपदेश येणार, ‘ती. स्व.’ असले की पैसे मागितलेले असणार, आणि ज्या माणसाने आजवर ‘प्रिय’ लिहिले त्याने एकदम ‘रा. रा.’ लिहिले की जमिनीच्या वाटणीचे प्रकरण वकिलाकडे गेले असे समजायचे. पत्र उघडण्याआधीच पत्राने आपला चेहरा करून ठेवलेला असे. वाचणाऱ्याला फक्त मान हलवायचे काम उरे.

हल्लीच्या टपालाला चेहरा नाही. सकाळी चहाचा कप घेऊन बसावे तर एकाच रांगेत, एकाच अक्षरवळणात सगळे उभे असतात: बँकेचा सहा आकडी गुप्त क्रमांक, जो येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते, विजेचे बिल, विम्याच्या हप्त्याची प्रेमळ आठवण, मी आयुष्यात एकदाच घेतलेल्या प्रवासी बॅगेच्या कंपनीचे रोजचे ‘आम्हाला तुमची आठवण येते’, पुतणीच्या लग्नासाठी आलेले स्थळ, दिवाळी अंकाच्या वर्गणीचे पत्र, आणि त्या दोघांच्या मधोमध, डोके खाली घालून बसलेल्या पाहुण्यासारखी, जुन्या शाळासोबत्याच्या मुलाने पाठवलेली दोन ओळींची बातमी, की बाबा गेले. कोपरा फाडलेला नाही. यंत्राने ती बातमी ‘अपडेट्स’ नावाच्या कप्प्यात टाकलेली, आणि वर उत्तराचे तीन तयार पर्याय सुचवलेले. त्यातला एक ‘कळवल्याबद्दल धन्यवाद’ असा होता.

पुण्याच्या पुतण्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या खांद्यावरून हे सारे पाहिले आणि डॉक्टर क्ष-किरणाचे चित्र उजेडाकडे धरून पाहतात तसा तो गप्प झाला. मग म्हणाला, “काका, तुम्ही टॅग लावा ना.” त्याने मला थंडरबर्ड नावाचा प्रोग्राम बसवून दिला. त्यात पाच टॅग आयतेच तयार मिळतात: महत्त्वाचे तांबडे, कामाचे नारिंगी, खासगी हिरवे, करायचे निळे आणि ‘नंतर’ जांभळे. पत्रावर उभे राहून एकपासून पाचपर्यंतचा एखादा आकडा दाबला की ओळ त्या रंगात न्हाऊन निघते. शून्य दाबले की सगळे रंग उतरतात. इतके स्वस्त वैराग्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

पुतण्याने इतिहासही सांगितला. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल जाहीर केले तेव्हा पुष्कळांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. इतर कंपन्या चकटफू टपालपेटीला दोन-चार मेगाबाइट जागा देत होत्या, आणि हे म्हणत होते एक गिगाबाइट घ्या. पत्र पुसायची गरजच उरणार नाही, असा त्यांचा सांगावा होता. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे जागेच्या गडबडीत फारसे कुणी पाहिले नाही: कप्पे काढून टाकले आणि लेबले आणली. कप्प्यात ठेवलेले पत्र एकाच कप्प्यात असते. लेबल लावलेले पत्र हलत नाही. त्याला हवी तितकी नावे चिकटवा, ते प्रत्येक नावाने हाकेला येते. पुतण्याला ही एकविसाव्या शतकाची करामत वाटत होती. मला मंडीजवळच्या आडतीवरचे मुनीमजी आठवले.

मुनीमजी कीर्द लिहीत. दिवसभरात जे जे घडले ते घडले त्या क्रमाने: पोत्यांची हमाली, कुणाला दिलेली उचल, दुकानाचे भाडे, गणपतीची वर्गणी. संध्याकाळी दिवा लागला की तेच सगळे खतावणीत उतरायचे, ज्याचे त्याच्या नावावर. कीर्द विचारते ‘केव्हा?’, खतावणी विचारते ‘कुणाचे, कशाचे?’ आमची पत्रांची तार ही नुसती कीर्द होती. तिची खतावणी आजोबांच्या डोक्यात होती आणि ती त्यांच्याबरोबर गेली. इनबॉक्सही कीर्दच, फरक इतकाच की ती रात्रीही लिहिली जाते, आणि लिहिणारा आपण नसतो.

आपल्याकडे हे शहाणपण दुकानापुरते नव्हते. पुण्याच्या पेशवे दप्तरात रोजकीर्दीचे रुमाल वेगळे आहेत आणि घडणीचे वेगळे. रोजकीर्द तारखेने चालते; तिच्यातलेच आकडे सदरवार लावले की घडणी होते. शिवाय प्रांत अजमास, पागा, जमाव, चिटणिशी अशी नावे. रुमाल म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आणि ती हजारोंनी. १८१८ साली राज्य गेल्यावर दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले, १८९१ साली त्याला स्वतःची दगडी इमारत मिळाली, आणि रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली त्यातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून निघाले ते १९३० ते १९३४ या काळात. माझा पुतण्या न वाचलेल्या पत्रांचा तांबडा आकडा पाहून हबकतो, तेव्हा मला सरदेसाई डोळ्यांपुढे येतात. समोर मोडीचा डोंगर, त्यातले निम्मे पागेच्या दाण्यावैरणीचे हिशेब. आणि कुठल्या तरी गाठोड्यात, बहुधा भलत्याच, पानिपताहून आलेले एखादे पत्र. ते म्हातारपणी कामाला बसले आणि बसून राहिले. ‘इनबॉक्स झिरो’ हे व्रत अमेरिकेत कुणाला तरी सुचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, आणि त्यांचे ध्येय शून्य मुळीच नव्हते. एकही कागद कमी न करता सगळे सापडावे, एवढेच होते.

आमच्या जिल्ह्याचे गाव तर एका नावावर समाधान न मानणाऱ्यांपैकी अग्रगण्य. देवासला पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्ही एकाच गावात. थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे १९२१ साली खासगी सचिव म्हणून ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार येऊन राहिला. नंतर १९५३ साली त्याने देवासवर जे पुस्तक काढले ते बहुतांशी त्याने इथून घरी धाडलेल्या पत्रांचेच आहे. मला त्याचा हेवा वाटतो. एका संस्थानाचे टपाल सांभाळायला आलेला माणूस स्वतःच्याच पत्रांनी अजरामर झाला. त्या काळी देवासला पत्र धाडणाऱ्याने पाती लिहिली नाही तर कारकुनाने काय करावे, याची कल्पना करत मी एकदा बराच वेळ बसलो होतो. जिल्ह्याच्या मातीतच तो गुण असावा.

तर मी टॅग लावू लागलो. पहिले काही दिवस मोठ्या आनंदात गेले. पाचांवर भागेना म्हणून नवे काढले: शेती, वीज, बँक, देवधर्म. मग शेतीच्या पोटात सोयाबीन, सोयाबीनच्या पोटात भाव. लग्नांचे एक लेबल होते, त्याचे ‘बोलावणी’ आणि ‘स्थळे’ असे दोन भाग पडले, आणि स्थळांचे ‘पाहू’ आणि ‘नको’ असे. रंग संपत आले तेव्हा पिस्त्याच्या आणि शेवाळाच्या हिरव्यातला फरक कळण्यासाठी मी चष्म्याचा नंबर तपासून आणला. पत्रांची उत्तरे अर्थातच राहिली होती. सौभाग्यवतींनी एकदा डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, रांगोळी छान झालीय. बिल भरलं का?” बिलाला तीन टॅग होते, आणि भरले नव्हते.

त्या संध्याकाळी मला एक गोष्ट लक्षात आली, आणि ती एवढीच आहे. टॅग दोन जातींचे असतात. एक जात सांगते, हे पत्र काय आहे: विजेचे, लग्नाचे, भावाचे. ती निरुपद्रवी. दहा वर्षांनीही विजेचे बिल विजेचेच राहते. दुसरी जात सांगते, मी काय करणार आहे: महत्त्वाचे, करायचे, नंतर. ती पत्राबद्दल काहीच सांगत नाही. ती आपल्याबद्दल सांगते, आणि तेही जरा उदार होऊन. आज सकाळी जे महत्त्वाचे होते ते परवा केविलवाणे दिसते, पण तांबडा रंग काही आपणहून फिका पडत नाही. पहिल्या जातीची लेबले म्हणजे खतावणी. दुसऱ्या जातीची म्हणजे स्वतःला लिहून दिलेल्या हुंड्या.

आणि त्यांत सर्वांत गोड हुंडी त्या जांभळ्या ‘नंतर’ची. ज्याने कुणी या टॅगला जांभळा रंग निवडला तो माणूस कवी असला पाहिजे. पश्चिमेला दिवस बुडाल्यावर मागे जो रंग रेंगाळतो, जो रात्रही नसतो आणि संध्याकाळही उरलेला नसतो, तो हा. माझ्या पेटीत त्या रंगाचा मोठा पट्टा तयार झाला आहे. तिथे कुणाकुणाचे प्रवासवर्णन आहे, निवांतपणी ऐकायचे एक कुमार गंधर्वांचे ध्वनिमुद्रण आहे (देवासवाल्याला निवांतपणा काढावा लागतो याचीच खरे तर लाज वाटायला हवी), संस्कृत पुन्हा शिकवणारा एक वर्ग आहे, अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला दीडशे छायाचित्रांचा दुवा आहे. मुनीमजींकडेही असे एक खाते होते. ज्या रकमेचे काय करायचे ते कळत नाही ती ते उचंती खात्यात टाकत. पण दिवाळीला नव्या वहीचे पूजन करण्याआधी ते खाते रिकामे करायचे, असा त्यांचा नेम. नाव सापडले तर नावावर, नाही तर शेठजींच्या खर्चात. दोन दिवाळ्या उचंतीत राहिलेली रक्कम आडतीची अब्रू घालवते, असे ते म्हणत. मी गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी तो जांभळा पट्टा उघडून बसलो. संस्कृतचा वर्ग भरून, संपून, त्याची प्रमाणपत्रेही वाटून झाली होती. शून्य दाबले. कुमारांचे ध्वनिमुद्रण मात्र त्याच रात्री ऐकले, आणि पुढची पत्रे तशीच राहिली.

लावलेली खूण खरोखर काम करते अशी एकच मी पाहिली आहे, आणि ती आपण रोज बघतो. श्रीराम भिकाजी वेलणकर नावाचे संस्कृतचे पंडित टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते; त्यांनी आखलेली पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा आकडे. पहिला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. सारख्या नावांची गावे आणि दहा लिप्यांतली अक्षरे यांच्या गुंत्यातून पत्र सोडवायचे होते, म्हणून त्यांनी ते आकड्यांवर सोपवले. त्यात ‘महत्त्वाचे’ नाही, ‘नंतर’ नाही, फक्त कुठे आहे ते आहे. म्हणूनच ते पोचते. आमचा पिन ४५५ ने सुरू होतो, पुण्याचा ४११ ने. राज्ये निराळी झाली, भाषांच्या सीमा आखल्या गेल्या, आणि महाराष्ट्राबाहेरच्या आम्हा मराठी घरांना लग्नकार्यात कुणी ना कुणी ‘तुमचं मराठी जरा वेगळंच’ असे प्रेमाने ऐकवतेच. पण टपाल खात्याच्या हिशेबी महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश एकाच चाराच्या छपराखाली राहतात. एका संस्कृत पंडिताने आम्हाला घरात ठेवून घेतले आहे, याचे मला दर पाकिटावर बरे वाटते.

माझ्या सगळ्या लेबलांना पुरून उरणारे टपाल बडोद्याहून येते. तिथे माझी आत्या असते. ऐंशी ओलांडल्यावर नातीकडून ती टॅबलेटवर लिहायला शिकली, आणि तिला वाटते की पत्र म्हणजे पत्र. वर ‘श्री’, उजवीकडे गाव आणि तिथी, मग ‘चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद’, आणि त्याखाली एका दमात, पूर्णविरामाशिवाय, गुडघा, कैऱ्यांचा भाव, शेजारच्या पटेलांच्या सुनेचा व्हिसा, सयाजी बागेत या वर्षी उशिरा फुललेला बहावा, मी लहानपणी तिच्या ओट्यावरून पडलो होतो ती जखम, आणि खातेगावच्या विहिरीचे पाणी अजून गोड आहे का. मग ‘ता. क.’, आणि त्यात खरी बातमी. विषयाची ओळ ती कोरी सोडते, त्यामुळे यंत्र तिच्या प्रत्येक पत्रावर ‘विषय नाही’ असे छापते. मी ते पत्र शेतीत घालून पाहिले, आरोग्यात घातले, लग्नांत तर घालावेच लागले. प्रत्येक लेबल खरे होते आणि पत्र त्यातल्या कुठल्याच लेबलात नव्हते. शेवटी ‘आत्या’ नावाचे लेबल केले, बिनरंगाचे. त्यात शोधाशोध करायला गेलो की पावती मिळत नाही आणि दुपार जाते.

एरवी मी आता शहाणा झालो आहे. करण्याच्या आणि नंतरच्या खुणा लावत नाही; ‘काय आहे’ एवढीच लावतो, तीही मोजकी. जे करायचे ते करतो किंवा करत नाही, त्याला रंग देत नाही. यंत्रातला शोधाचा रकाना इतका हुशार आहे की लेबलाशिवायही पुष्कळ सापडते, अट एकच: लिहिणाऱ्याने पत्रात तो शब्द लिहिलेला हवा. म्हणून मला पत्र लिहिणाऱ्या सर्वांना विनंती आहे. विषयाच्या ओळीत ‘नमस्कार’, ‘महत्त्वाचे’ किंवा ‘कृपया लक्ष द्या’ असे लिहू नका. लग्न असेल तर कुणाचे ते लिहा, वर्गणी असेल तर कशाची ते लिहा, आणि कुणी गेले असेल तर त्याचे नाव लिहा. बडोद्याच्या आत्याला या अटीतून सूट आहे.